‘दिवसाला फक्त 1 टक्का’ म्हणे!

‘पगाराला आठवडा आहे? ॲपवर 10 मिनिटांत 10,000! व्याज दिवसाला फक्त 1 टक्का. नाही जमलं तर मुदत वाढवा. कॉन्टॅक्टची परवानगी द्या, रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. शिवाय सिबिल सुधारतं.’ खाली एपीकेची (प्ले स्टोअरबाहेरून टाकायच्या ॲप-फाइलची) लिंक. हा मेसेज काल आमच्या सोसायटीतल्या सिक्युरिटीच्या पोरापर्यंत पोचला आणि त्याने ॲप टाकूनही घेतलं. म्हणून आता एकेक वाक्य घेऊ.

‘फक्त 1 टक्का’. महिन्याला शेकडा 5 घेणाऱ्या सावकाराला आपण रक्तपिपासू म्हणतो. हे शेकडा 30 झाले. आणि खरी मेख प्रोसेसिंग फीत आहे. समजा 10,000 मंजूर, मुदत 15 दिवस, फी 15 टक्के म्हणजे 1,500, त्यावर 18 टक्के जीएसटी 270. हातात पडले 8,230. व्याज मात्र पूर्ण 10,000 वर: 1,500. फेडायचे 11,500. म्हणजे 8,230 रुपये 15 दिवस वापरायचे 3,270 रुपये. वर्षाचा दर काढला तर सुमारे 967 टक्के. सोनं तारण ठेवून तेच 10,000 वार्षिक 12 टक्क्यांनी घेतले, तर 15 दिवसांचं व्याज 50 रुपयेसुद्धा होत नाही.

‘मुदत वाढवा’ हे तर सगळ्यात घातक. मुदतवाढ म्हणजे 1,500 व्याज भरायचं आणि मुद्दल जिथल्या तिथे. चार वेळा वाढवली की दोन महिन्यांत 6,000 गेले, सुरुवातीला कापलेले 1,770 वेगळे, आणि 10,000 देणं जसंच्या तसं. मग ते फेडायला दुसरं ॲप. माणूस बुडतो तो इथे, पहिल्या कर्जात नाही.

कॉन्टॅक्टची परवानगी ‘रिझर्व्ह बँकेचा नियम’? नियम नेमका उलटा आहे. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार ॲपला कॉन्टॅक्ट, कॉल लॉग, फोटो-फाइल्स यांना हात लावता येत नाही. कॅमेरा, माइक, लोकेशन यांसारखं गरजेचं तेवढंच, तेही केवायसीपुरतं एकदा, तुमच्या संमतीने. कॉन्टॅक्ट मागतात ते वसुलीच्या वेळी तुमच्या मामाला आणि मुकादमाला फोन लावायला. ॲप नंतर काढून टाकलं तरी एकदा गेलेली यादी परत येत नाही.

आणि एपीके का? गूगल प्लेच्या धोरणात 60 दिवसांच्या आत पूर्ण फेडायच्या वैयक्तिक कर्जाचं ॲप बसतच नाही.

सिबिलचं, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवरून मिळणाऱ्या गुणांचं, अर्धसत्य आहे, मान्य. कर्ज देणारी नोंदणीकृत बँक किंवा एनबीएफसी (बँक नसलेली वित्त कंपनी) असेल आणि वेळेवर फेडलंत, तर चांगली नोंद होते. पण पगार 7 तारखेला आणि खात्यातून हप्ता आपोआप कापायची तारीख 5 असेल तर हप्ता बाउन्स: बँकेचा दंड वेगळा, कंपनीचा वेगळा, वर सिबिलवर डाग.

बँक सगळ्यांनाच दोन तासांत 10,000 देत नाही, हेही खरं. पण आधी मालकाकडे ॲडव्हान्स किंवा कामाच्या ठिकाणची पगारदार पतसंस्था विचारून बघा.

तरीही ॲपच हवं असेल तर कर्ज देणाऱ्या बँकेचं किंवा एनबीएफसीचं नाव आधी शोधा आणि ते ॲप रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या यादीत आहे का ते पाहा. ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या अटी आणि खर्च लिहिलेला कागद, मागा, त्यात एपीआरचा (फीसकट वर्षाच्या दराचा) आकडा वाचा. त्यात न लिहिलेली फी तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. वसुलीचा फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर करता येत नाही. धमक्या आल्या तर स्क्रीनशॉट ठेवा, ॲप काढायच्या आधीच, आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

त्या पोराने पैसे उचललेच असतील तर एक गोष्ट लगेच करावी. नोंदणीकृत कंपनीला किमान एक दिवसाची ‘कूलिंग-ऑफ’ मुदत द्यावीच लागते: मुद्दल आणि तेवढ्या दिवसाचं व्याज परत करायचं, दंड नाही. कागदावर आधी सांगितलेली प्रोसेसिंग फी तेवढी ते ठेवू शकतात.