अंड्यात दडलेलं शेपूट

सी स्क्वर्ट या समुद्रात तळाला चिकटून राहणाऱ्या प्राण्याच्या डिंभाला (पोहणाऱ्या पिल्लाला) शेपूट आणि पृष्ठरज्जू (शेपटीला आधार देणारा लवचीक दांडा) कोणत्या जनुकांमुळे मिळतात, हे तुमच्या लेखात छान उलगडलंय. पण मोल्ग्युला या सी स्क्वर्टची गोष्ट यायला हवी होती, म्हणून लिहितो.

फ्रान्समध्ये ब्रिटनीच्या किनाऱ्यावर, रॉस्कॉफजवळच्या वाळूत मोल्ग्युला ऑक्युलाटा आणि मोल्ग्युला ऑकल्टा या अगदी जवळच्या दोन जाती राहतात. पहिलीच्या डिंभाला शेपूट असतं, दुसरीच्या डिंभाला नसतं. पृष्ठरज्जूच्या पेशी पहिलीत ४०, दुसरीत जेमतेम २०, आणि त्याही एकमेकींत सरकून लांब रांग करत नाहीत. बिली स्वाला आणि विल्यम जेफरी या संशोधकांनी बिनशेपटी जातीची अंडी शेपटीवाल्या जातीच्या शुक्रपेशींनी फलित केली, तर काही संकरित डिंभांना आखूड शेपूट आलं! पेशी २०च, पण आता त्या रांगेत लागल्या. मग या संकरित डिंभांत ‘मँक्स’ हे जनुक अडवलं, तर शेपूट पुन्हा गायब. १९९६ सालचं हे काम. (जनुकाचं नाव आइल ऑफ मॅन बेटावरच्या बिनशेपटी मांजरांवरून.)

म्हणजे शेपूट घडवायची बहुतेक सामग्री त्या अंड्यात शाबूत होती, अडलं होतं ते मोजक्या जनुकांपाशी. बीएस्सीला आम्ही हर्डमानिया या सी स्क्वर्टच्या डिंभाच्या आकृत्या काढल्या, प्रौढ होताना त्याचं शेपूट नाहीसं होतं हे पाठ केलं. ते मुळात येतं कसं, हे मात्र कुणी विचारलंच नाही. प्राणिशास्त्र शिकवणाऱ्यांनी हा प्रयोग वर्गात जरूर सांगावा.