अडतीस एकसारख्या तारांकित रात्री

परवा ओळखीतल्या एका आईने लेकीच्या शाळेतल्या प्रदर्शनाचे फोटो पाठवले. दुसरीचा वर्ग, व्हरांड्यातली भिंत, वर सोनेरी कागदाची अक्षरं: 'जगातले महान चित्रकार'. खाली व्हॅन गॉगची 'स्टारी नाइट'. अडतीस वेळा. मी झूम करून मोजल्या. सगळ्यांत चंद्र उजव्या कोपऱ्यात, झाड डावीकडे, आभाळातले भोवरे त्याच निळ्यात. झेरॉक्सवर बाईंनी आखून दिलेलं, पोरांनी रेघेच्या आत रंगवलेलं. त्यातली निदान दहा चित्रं रात्री अकरा वाजता आयांनी पूर्ण केलेली; ब्रश कुठे फिरलाय ते बघितलं की कळतं.

'छान ना?' तिने विचारलं. मी अंगठा पाठवला आणि दोन दिवस स्वतःवरच चिडून राहिले. ही पोस्ट म्हणजे त्या अंगठ्याचं प्रायश्चित्त.

खरं तर मी अंगठा पाठवल्यावर तिने आणखी एक गोष्ट सांगितली. मुलीने आधी त्या झाडाशेजारी स्वतःची बिल्डिंग काढली होती, पाण्याच्या टाकीसकट. बाईंनी तिला दुसरी झेरॉक्स दिली.

आता गंमत बघा. हे चित्र व्हॅन गॉगने जून १८८९मध्ये काढलं, तेव्हा तो फ्रान्समध्ये सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयात राहत होता. खोलीच्या खिडकीतून त्याला आभाळ दिसायचं, डोंगर दिसायचे. चित्रातलं ते गाव मात्र त्या खिडकीतून दिसतच नव्हतं. ते त्याने मनाने घातलं. म्हणजे पोरीने नेमकं तेच केलं होतं, जे चित्रकाराने केलं, आणि नेमकं तेच खोडलं गेलं.

मी ठाण्याजवळ कळव्यात शनिवारी चित्रकलेचा वर्ग घेते. पहिली ते चौथीची चौदा पोरं, सोसायटीचा हॉल. हॉल बारशाला गेला की आमची रवानगी पार्किंगमध्ये. त्या अनुभवावर बोलतेय, फार मोठा अधिकार नाही.

नक्कल वाईट असं माझं अजिबात म्हणणं नाही. गाणं शिकणारा आधी गुरूचीच नक्कल करतो. आजीने रांगोळी शिकवली तेव्हा मीही नक्कलच केली. पण आजीने चिमूट कशी धरायची, बोटांतून रेघ कशी सोडायची, ते दाखवलं. हात उचलायला दिला. उंबऱ्यापुढे काय काढायचं ते रोज बदलायचं. शाळेत आपण मुलांना चित्रकाराचा हात देत नाही, डोळा देत नाही, फक्त त्याचं छापून आलेलं उत्तर देतो आणि वर त्याला 'जागतिक संस्कृतीची ओळख' म्हणतो.

यंदा मी होकुसाई या जपानी चित्रकारावर चार शनिवार घालवले. ती निळी लाट मुलांना माहीत होती, कुणाच्या टी-शर्टवर होती, कुणाच्या ताईच्या मोबाइल कव्हरवर. मी विचारलं, 'यात डोंगर कुठाय?' बराच वेळ कुणाला सापडेना. मागची ती छोटी पांढऱ्या टोकाची आणखी एक लाटच आहे असं सगळ्यांचं मत. तो फुजी आहे म्हटल्यावर हॉलमध्ये जो आवाज झाला, तो ऐकून वॉचमन डोकावून गेला. मग होड्या मोजल्या, तीन निघाल्या. त्यात माणसं आहेत आणि ती वाकून घट्ट धरून बसलीयेत हे एका पहिलीतल्या मुलीने शोधलं. मला ते कॉलेजात जाईपर्यंत दिसलं नव्हतं.

ही लाट साधारण १८३१ची. होकुसाई तेव्हा सत्तरीचा. 'फुजीची छत्तीस दृश्ये' या मालिकेतलं हे एक. मालिका इतकी खपली की आणखी दहा चित्रं निघाली, तरी नाव छत्तीसच राहिलं. प्रत्येक चित्रात डोंगर तोच, उभं राहायची जागा निराळी. माझं लाडकं त्यातलं पिंपवाल्याचं: एक माणूस प्रचंड मोठ्या पिंपाच्या आत शिरून काम करतोय, पिंपाला अजून बूड नाही, आणि त्या गोल भोकातून पार लांब एवढासा फुजी. पोरं ते बघून लोळली.

आणि तो निळा रंग! प्रशियन ब्लू, मुलांच्या रंगपेटीत असतो तोच. तो जपानी नव्हेच. पहिल्यांदा बर्लिनमध्ये तयार झाला, बाहेरून जपानात आला. पुढे जपानी छापचित्रं युरोपात पोचली आणि व्हॅन गॉग ती जमवत बसला. म्हणून 'आज जपान, पुढच्या आठवड्यात आफ्रिका' असे डबे करून शिकवायला माझं मन घेत नाही. (आफ्रिका तर नेहमी अख्खी एकच! दक्षिण आफ्रिकेतल्या न्देबेले बायका घरांच्या भिंतींवर ज्या भौमितिक नक्ष्या काढतात, त्या दाखवल्या तर चैत्रांगण काढलेल्या कुठल्याही आजीला त्या परक्या वाटायच्या नाहीत. पण आपण पुठ्ठ्याचा मुखवटा करून मोकळे होतो.)

तर, फुजी झाल्यावर मी म्हटलं, आपला डोंगर कुठला? सगळ्यांनी एका सुरात 'पारसिक' म्हटलं. पुढच्या शनिवारी प्रत्येकाने तो कुठून तरी बघून यायचा होता. चौदापैकी अकरा जणांनी आणला. गच्चीतल्या वाळत घातलेल्या चादरींमधून. लोकलच्या दारात उभ्या माणसाच्या काखेतून. एकाने मुंब्रा देवीच्या बाजूने काढला, कारण त्याची मावशी तिकडे राहते. एकीने पाणीपुरीच्या फुटलेल्या पुरीतून दिसणारा काढला. पिंपवाला बरोबर मुरला होता. आणि दुसरीतल्या एका मुलाने अख्खा कागद काळ्या तेलखडूने घासून आणला, मध्ये पांढरा ठिपका. 'हा डोंगर आतून आहे,' म्हणाला. गावाला जाताना त्याची गाडी पारसिकच्या बोगद्यातून गेली होती. १९१६ सालचा बोगदा, मी त्यातून किती वेळा गेले असेन. डोंगर आतूनही दिसतो हे मला सुचलं नव्हतं.

त्याची आई न्यायला आली, कागद बघितला आणि हळूच मला विचारलं, 'मॅडम, घरी नीट करून घेऊ का परत?'

त्यांचाही दोष नाही. आपण सगळेच दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक नदी, एक झोपडी काढून मोठे झालो. चित्र 'नीट' असतं ही भीती तिथूनच आलेली. शिवाय एक प्रश्न मला दर महिन्याला येतो: एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी कधी? दहावीला मार्क मिळतात हे मलाही माहितीये. पण पोरगं दुसरीत आहे हो.

वारलीबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण शाळेत 'आपली' कला म्हणून तीच येते आणि तिचेही हाल तेच. दोन त्रिकोण जोडा, हातपाय काढा, झाला माणूस. पालघर जिल्हा वेगळा झाला २०१४ला; त्याआधी वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचं डहाणू तालुक्यातलं गाव आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, मातीची भिंत, लग्नाचा चौक (भिंतीवरचं लग्नाचं चित्र) लिहिणाऱ्या बाया, यातलं एक अक्षर न सांगता आपण फोटोफ्रेमची किनार शिकवतो. त्रिकोण मुलांना पाच मिनिटांत येतो. तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याच्या तालावर फिरणारी नाचणाऱ्यांची ती रांग वळते कशी, ते बघायला मात्र अख्खा तास द्यावा लागतो, आणि तेवढा तास वेळापत्रकात नसतो. चित्रकलेचा तास तर गणिताचे सर हक्काने मागून नेतात.

पुढचे दोन शनिवार आंरी मातीस या फ्रेंच चित्रकाराचे. एक मुलगी पहिल्या दिवसापासून सांगतेय, 'मला चित्र येत नाही.' तिला मी सांगणारेय की १९४१च्या मोठ्या ऑपरेशननंतर मातीसला उभं राहून रंगवणं जमेना, तेव्हा तो रंगवलेले कागद कात्रीने कापून चित्रं करायला लागला. पेन्सिल नाही, खोडरबर नाही, आखणी नाही. कात्री तिला येते. भावाचे केस कापून झालेत.

त्यासाठी जाड रंगीत कागद लागणार आहे, आणि दुकानातला परवडत नाही. कुणाकडे जुन्या लग्नपत्रिका पडून असतील, तर टाकू नका. कळव्यात असाल तर मी येऊन घेऊन जाईन, फक्त कळवा.