बटणावर ‘विकत घ्या’ लिहिलं असेल, तर वस्तू विकतच मिळाली पाहिजे

रविवारी माळा आवरताना जुनी हार्डडिस्क सापडली. लेकीने ती लॅपटॉपला लावली. आतलं फोल्डर उघडलं तर ६३ व्हिडिओ, प्रत्येकाचं नाव, तारीख, आकार, सगळं जसंच्या तसं. पण एकही सुरू होईना. “बाबा, करप्ट झाल्यात का?” तिने विचारलं. नाही, करप्ट वगैरे काही नाही. फाइल धडधाकट आहेत. त्यांना कुलूप आहे, आणि किल्ली ज्या दुकानाकडे होती ते दुकान कधीच बंद झालं.

या ६३ भागांचे मी पैसे मोजलेत. एका भागाला १ डॉलर ९९ सेंट. म्हणजे सव्वाशे डॉलर, तेव्हाच्या भावाने साडेपाच हजार रुपयांहून जास्त. प्रश्न रकमेचा नाही. तेव्हा गिळलेला राग रविवारी पुन्हा वर आला, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

२००६ साल. मी न्यू जर्सीत एडिसनला राहायचो आणि रोज ट्रेनने न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनला नोकरीसाठी जायचो. जायला पाऊण-एक तास, यायला तेवढाच. तेव्हा आजच्यासारखे स्मार्टफोन नव्हते. आदल्या वर्षी, ऑक्टोबर २००५मध्ये, ॲपलने व्हिडिओ चालणारा आयपॉड आणला होता, अडीच इंची स्क्रीनचा, आणि सोबत टीव्ही मालिकांचे भाग विकायला सुरुवात केली होती. वीस दिवसांच्या आत दहा लाख व्हिडिओ विकले गेले. मग सगळेच या धंद्यात उतरले. मी विंडोजवर चालणारा, जरा मोठ्या स्क्रीनचा प्लेअर घेतला आणि त्याच्याशी जुळणाऱ्या एका डाऊनलोड सेवेत खातं उघडलं. नाव घेत नाही, ती सेवा आता नाहीच.

त्या वेळच्या बाकीच्या गैरसोयींबद्दल माझी तक्रार नाही. पाऊण तासाचा एक भाग चांगल्या प्रतीत साडेआठशे एमबीच्या आसपास असायचा. माझ्या दीड एमबीपीएसच्या डीएसएलवर तो उतरायला सव्वा तास, म्हणजे बघायला लागतो त्याहून जास्त वेळ. प्लेअरसाठी वेगळी छोटी फाइल, ती आणखी वेगळी उतरवायची. रात्री लावून झोपायचं, सकाळी ट्रेन पकडायच्या आधी यूएसबीने प्लेअरमध्ये भरायचं. नवीन तंत्रज्ञान होतं, हे होणारच, आणि मी ते आनंदाने सोसत होतो. हडसन नदीखालच्या बोगद्यात गाडी शिरली की सगळ्यांचे फोन बंद पडायचे आणि माझ्या हातातल्या स्क्रीनवर देवमासे पोहत असायचे. खूप आवडायचं मला ते.

त्रास कुलपाचा होता. त्याला डीआरएम म्हणतात, डिजिटल राइट्स मॅनेजमेंट. तुम्ही पैसे भरता आणि फाइल तुमच्याकडे येते, पण ती गुंडाळलेली असते. ती उलगडायला लायसन्स लागतं, आणि ते लायसन्स तुमच्या नावावर नसतं. ते असतं त्या एका संगणकावरच्या त्या एका विंडोजच्या नावावर. प्लेअरमध्ये भाग टाकायचा, तर संगणकाने प्लेअरसाठी वेगळं लायसन्स द्यायचं, आणि तेही प्लेअर मान्यताप्राप्त यादीत असेल तर. किती संगणकांवर बघायचं यालाही मर्यादा. आयपॉडवर हे भाग चालणार नाहीत, मॅकवर नाहीत, माझ्या डीव्हीडी प्लेअरवर तर नाहीतच. बॅकअप घ्या म्हणायचे. घेतला मी. बॅकअप होता फाइलचा. किल्लीचा नव्हता.

डिसेंबरमध्ये तीन आठवड्यांच्या रजेवर सांगलीला आलो. आण्णा, म्हणजे माझे वडील, निवृत्त शिक्षक, आयुष्यभर भूगोल शिकवलेला. महासागरांवरच्या माहितीपटांचे बारा भाग मी खास त्यांच्यासाठी घेतले होते. त्याच सुमाराला त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, प्लेअरच्या छोट्या स्क्रीनवर त्यांना काही दिसलं नसतं. म्हणून लॅपटॉप टीव्हीला जोडून दाखवायचं ठरवलं. दुसऱ्याच दिवशी लॅपटॉप सुरू होईना. गावातल्या एका मुलाने बिचाऱ्याने संध्याकाळी उशिरापर्यंत बसून विंडोज नव्याने टाकून दिलं. फाइल सगळ्या वाचल्या. आई कौतुकाने म्हणाली, “चला, बरं झालं.”

रात्री जेवणं झाल्यावर सगळे टीव्हीसमोर बसलो. शेजारचे काका-काकूही आले होते. मी पहिला भाग लावला. खिडकी उघडली: लायसन्स सापडत नाही, मिळवण्यासाठी साइन इन करा. घरी बीएसएनएलचं २५६ केबीपीएसचं नवं कोरं ब्रॉडबँड होतं. साइन इन केलं. पासवर्ड बरोबर होता. पुढचा संदेश होता, ही सेवा तुमच्या देशात उपलब्ध नाही.

मी प्लेअर जोडून बघितला. तर संगणक नवीन आहे असं समजून त्याने विचारलं, आधीचं सगळं पुसून टाकू का? मदतीचा फोन नंबर अमेरिकेतला टोल-फ्री, तो सांगलीहून लागेना. ईमेल केलं. दोन दिवसांनी उत्तर आलं की अमेरिकेत परतल्यावर पुन्हा प्रयत्न करा.

त्या रात्री मी खुर्चीवर बसून दीड तास खटपट करत होतो. काका-काकू उठून गेले. आण्णा मात्र शेवटपर्यंत बसले होते. मग त्यांनी शांतपणे विचारलं, “अरे, पैसे दिलेस ना तू? मग आता परवानगी कुणाची मागतोयस?”

मला उत्तर देता आलं नाही. आजही नीट देता येत नाही.

कारण त्यांच्या कपाटात तेव्हा मराठी नाटकांच्या व्हीसीडी होत्या, पुण्याहून विकत आणलेल्या. एडिसनच्या माझ्या घरीही होत्या. सुटीवरून परत जाताना आमच्यातला प्रत्येक जण बॅगेत लोणचं, भाजणी आणि व्हीसीडी घेऊनच विमानात बसायचा. ती चकती अमेरिकेत चालायची, सांगलीत चालायची, माझ्याकडून मित्राकडे आणि मित्राकडून त्याच्या सासूकडे जायची. विकत घेणं म्हणजे काय, हे आण्णांच्या पिढीला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. दुकानदाराला पैसे दिले, वस्तू घरी आली, दुकानदाराचा आणि त्या वस्तूचा संबंध संपला. आमच्या पिढीला मात्र वस्तू दिली नाही, अटींसकट मुभा दिली आणि बटणावर शब्द लिहिला ‘बाय’. माझा आक्षेप त्या एका शब्दाला आहे. भाड्याने म्हणा ना! भाड्याचे चित्रपटही तेव्हा मिळत होते, तीस दिवस ठेवा, सुरू केल्यावर चोवीस तासांत संपवा. त्याबद्दल मी कधी चकार शब्द काढला नाही. भाडं आहे हे मला माहीत होतं.

हे फक्त माझ्याच नशिबी आलं असंही नाही. गुगलनेही जानेवारी २००६मध्ये व्हिडिओ विकायला आणि भाड्याने द्यायला सुरुवात केली होती. ऑगस्ट २००७मध्ये त्यांनी ग्राहकांना कळवलं की ही सोय बंद होतेय, विकत घेतलेले व्हिडिओ १५ ऑगस्टनंतर चालणार नाहीत. भरपाई म्हणून आधी दिलं ते गुगल चेकआउटचं, म्हणजे त्यांच्याच पैसे भरण्याच्या सेवेचं, क्रेडिट. लोकांनी ओरड केली तेव्हा कुठे रोख परतावा मिळाला आणि बघण्याची मुदत सहा महिने वाढली. मायक्रोसॉफ्टची गोष्ट मला याहून जिव्हारी लागली. त्यांनी २००४मध्ये ‘प्लेज फॉर शुअर’ असा शिक्का काढला होता, म्हणजे हा शिक्का बघून घ्या, नक्की चालेल. नोव्हेंबर २००६मध्ये त्यांनी स्वतःचा झून प्लेअर आणला, आणि त्यावर तो शिक्का असलेल्या दुकानांतून घेतलेला माल चालत नव्हता. शिक्का त्यांचा, प्लेअरही त्यांचाच! पुढे २०१९मध्ये त्यांनी ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा लोकांनी घेतलेली पुस्तकंही गेली. पैसे परत दिले, हे मान्य. पण समासात लिहिलेल्या टिपणांचं काय?

“पायरसी थांबवायची तर कुलूप लागणारच,” असं कुणीतरी इथे म्हणेल. मी त्या भीतीला खोटं म्हणत नाही. डीव्हीडीचं कुलूप १९९९मध्ये फुटलं होतं, गाणी फुकट वाटणाऱ्या नॅपस्टरने संगीताच्या धंद्याची झोप उडवली होती. स्टुडिओ घाबरले होते. पण त्या कुलपाने अडवलं कुणाला? माझ्या शेजारच्या डेस्कवरचा सहकारी हेच माहितीपट टॉरेंटवरून फुकट उतरवायचा. त्याच्या फाइल आजही चालतात. माझ्या चालत नाहीत, कारण मी पैसे भरले. हे मला मनापासून चुकीचं वाटतं. मी टॉरेंटची वकिली करत नाही, तेव्हाही केली नाही. ज्याने रांगेत उभं राहून तिकीट काढलं त्यालाच दारात अडवायचं, हा अन्याय आहे.

आणि कुलपाशिवाय धंदा होतो हे संगीताने दाखवून दिलं. ॲमेझॉनने २००७मध्ये साधी, बिनकुलपाची एमपी३ गाणी विकायला सुरुवात केली, ॲपलने २००९मध्ये आपल्या गाण्यांवरचं कुलूप काढलं. तेव्हा घेतलेली गाणी माझ्या फोनमध्ये आज, या क्षणीही आहेत. मधे पाच फोन बदलले, तीन लॅपटॉप गेले. गाणी चालतात.

कायद्याचंही बघा. १९८४मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बीटामॅक्स या व्हिडिओ रेकॉर्डरच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की टीव्हीवरचा कार्यक्रम नंतर घरी बघण्यासाठी रेकॉर्ड करणं बेकायदा नाही. म्हणजे व्हीसीआरवाल्याला जे करता येत होतं, ते पैसे भरून फाइल घेणाऱ्या मला वीस वर्षांनंतर करता येत नव्हतं, कारण मधल्या काळात, १९९८मध्ये, डिजिटल कुलूप तोडायलाच बंदी करणारा कायदा आला. स्वतःच्या मालासाठी तोडलं तरी सहसा सुटका नाही. आपल्याकडे २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५अ हे कलम आलं. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे, पण हक्कभंग करण्याचा हेतू असेल तर. ‘हेतू’ हा शब्द आपल्या कायद्यात आहे, याचं मला बरं वाटतं.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५पासून लागू झालेला कायदा सांगतो की डिजिटल वस्तू कायमची देणार नसाल, तर हा फक्त परवाना आहे असं ग्राहकाला स्पष्ट बजावल्याशिवाय ‘बाय’ हा शब्द वापरता येणार नाही. माझ्या सांगलीच्या त्या रात्रीनंतर अठरा वर्षांनी! आपल्याकडेही हे व्हायला हवं. आज आपण सगळेच फोनवर ‘डाऊनलोड’ करतो, आणि काही डाऊनलोड सुरू केल्यापासून ४८ तासांत नाहीसे होतात. मासिक वर्गणीत ते ठीक आहे. पण एखादं ॲप ‘विकत घ्या’ म्हणून वेगळे पैसे घेत असेल, तर त्याने फाइल द्यावी. ते जमत नसेल तर बटणावर ‘भाड्याने’ लिहावं. आणि दुकान बंद करायची वेळ आली, तर जाता जाता विकलेल्या मालाची कुलपं काढून जावं. एवढंच मागणं आहे, आणि यात कुणाचं नुकसान आहे असं मला वाटत नाही.

आण्णांसाठी पुढच्या वर्षी मी पुण्यातून महासागरांवरचा डीव्हीडी संच घेतला. त्यांनी तो कितीदा पाहिला याची गणती नाही, आणि कॉलनीतल्या पोरांना बोलावून बोलावून दाखवला. गेल्या दिवाळीत माझ्या लेकीने तोच लावला. चित्र जरा फिकट वाटलं, एका ठिकाणी अडकलं, मग पुढे गेलं.

तुमच्यापैकी कुणाकडे अशा बंद पडलेल्या सेवांचा विकत घेतलेला माल अजून असेल, तर काय घेतलं होतं, किती पैसे गेले आणि परत काही मिळालं का, ते खाली लिहा. मी सगळं एकत्र करून ग्राहक पंचायतीकडे नेणार आहे.