सूड घ्यायचाय? आधी साडीचं वजन बघा

तर तुम्ही ठरवलंय. जावेनं घराबाहेर काढलं, दिरानं सात-बाऱ्यावरचं नाव उडवलं आणि आता तुम्हाला टीव्हीवरच्या मालिकेसारखा सूड हवाय. उत्तम. सांगलीत राहून कसं जमणार, असं मनातसुद्धा आणू नका. १८४३ साली चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' उभं केलं ते इथंच. नाटकं करायला आपल्याला कुणी मुंबईहून येऊन शिकवायची गरज नाही.

फक्त वकिलाकडे जाऊ नका. वकील तारीख देतो, मालिकेला सण लागतो. तुम्ही सरळ हरभट रोडला जा, साड्या बघायला.

कारण घरात सत्ता कुणाची, हे सूडाच्या मालिकेत कपड्याच्या वजनावर ठरतं. सगळ्या अन्यायाचं मूळ तुमचा तो फुलाफुलांचा गाऊन आहे. गाऊनवर ओढणी टाकून दार उघडणाऱ्या बाईला गॅसवाला विचारत नाही, तिला इस्टेट कोण देणार? मालिकेतली जाऊ बघा. रात्री अडीचला पाणी प्यायला उठते तीही काठापदराच्या साडीत, नथ, ठुशी, डझनभर बांगड्यांसकट. बांगड्यांनी हात जड झालेला, म्हणून ग्लास दुसऱ्या कुणीतरी द्यावा लागतो. यालाच वर्चस्व म्हणतात. कमरेला चाव्यांचा जुडगा हवाच. आपल्या फ्लॅटला एकच लॅच आहे, हे कॅमेऱ्याला कुठं कळतं?

शिवाय बोलताना समोरच्यापेक्षा चार पायऱ्या वर उभं राहायचं. टू बीएचकेत जिना नसतो, तेव्हा सोसायटीचा वापरा. खालून कुणी दळणाचा डबा घेऊन आलं तर संवाद थांबवून वाट द्या, एवढंच.

नवऱ्याचं काय? काही नाही. त्याला आठशे भाग एकच निळा शर्ट पुरतो.

आता मुख्य प्रसंग. खलनायिकेनं तुम्हाला दरीत ढकलायचं असतं, आणि सांगलीला दरीच नाही. आयर्विन पूल आहे, १९२९ सालचा. पण मे महिन्यात गेलात तर पाणी उतरलेलं आणि खाली म्हशी डुंबतायत. ऑगस्टमध्ये ४५ फुटांची धोका पातळी बघायला अर्धं गाव छत्र्या घेऊन कठड्याला टेकलेलं असतं. जाऊ बिचारी ढकलणार कुठून? उलट 'वैनी, जरा सरका की' म्हणून तुम्हालाच मागं घेतील. त्यापेक्षा सहा महिने माहेरी मिरजेला जाऊन राहा. सिटी बसचं अंतर, पण मालिकेच्या हिशेबात परदेश.

परत याल तेव्हा केस सरळ, डोळ्यांवर गॉगल, अंगात ब्लेझर. घाम येईल, येऊ द्या. नाव बदला. सासू ओळखणार नाही, जाऊ ओळखणार नाही आणि नवरा तर 'आपण कोण?' म्हणून हातच जोडेल. त्यानं लग्नानंतर तुमच्याकडे नीट बघितलंय कधी?

घरी जाताना वाट मात्र मंडईवरून काढू नका. मी काढली होती. ब्लेझर, गॉगल, टाचांचे बूट, सगळं जागेवर होतं. भाजीवाल्या मावशींनी मान वर न करताच विचारलं, "काय वो वैनी, लई दिसानं? मागल्या कोथिंबिरीचं धा रुपये ऱ्हायल्यात बघा."