जिताड्याचं नायलॉन पाईकला लावू नका

‘पाईकची फ्लाय फिशिंग : ५ सोप्या टिपा’ हा फॉरवर्ड ठाणे-नवी मुंबईच्या गळवाल्यांच्या ग्रुपांतून फिरत ऐरोलीच्या माझ्या भाच्याकडे आला. पाईक म्हणजे युरोपातल्या गोड्या पाण्यातला दातेरी शिकारी मासा; फ्लाय फिशिंग म्हणजे गळावर पिसं-धागे बांधून केलेलं हलकं नकली भक्ष्य (फ्लाय) जाड दोरीच्या वजनाने फेकणं. तो शिकायला आयर्लंडला निघालाय, आणि त्यावरून खरेदीची यादीही करून बसलाय.

सगळ्यात घातक टीप ही : ‘खाडीत जिताड्याला ४० पौंडी नायलॉन पुरतं, तेच लावा, वायर (गळाआधीचा धातूच्या तारेचा तुकडा) नको.’ अहो, जिताड्याचं तोंड खरखरीत असतं, त्यावर दोरी घासून झिजते. पाईकच्या खालच्या जबड्यात सुळे असतात, ते दोरी कापतात. सुरमईला वायर लावणाऱ्यांना हे सांगावं लागावं? दोरी कापली गेली की मासा तोंडात ४/० चा (म्हणजे मोठा) गळ घेऊन जातो, आणि तो घशात असेल तर जिवावर बेततं. काही जण ८०-१०० पौंडी फ्लुरोकार्बन (नायलॉनपेक्षा कडक प्लास्टिकची दोरी) वापरतात, हे मान्य; ४० पौंडी नायलॉन म्हणजे ते नव्हे. ब्रिटनचा पाईक अँग्लर्स क्लब १९७७ पासून याच माशासाठी काम करतोय, आणि वायरशिवाय पाईकला गळ टाकू नका असं तो बजावतो. जोडणी अशी : फ्लाय लाईन (फेकायची जाड दोरी), मग दीड मीटर २५ पौंडी नायलॉन, मग ४० सेंमी ३० पौंडी गाठ बसणारी वायर, टोकाला फ्लाय अडकवायला स्नॅप (छोटी कडी). वायरला एकदा मुरड पडली की ती बदला. पुढच्या वेळी तिथूनच तुटते.

‘डोळ्यांच्या खोबणीत बोटं घालून उचला.’ हे वाचून संताप आला. मासा आंधळा होतो! ओल्या मॅटवर ठेवा, कल्ल्याच्या झाकणाखालून बोटं जबड्याच्या हाडाकडे सरकवा, लाल कल्ल्यांना स्पर्श नको. गळाचा उलटा काटा आधीच दाबून टाका आणि ३० सेंमीच्या चिमट्याने गळ सोडवा.

टिपांमध्ये रॉड कोणता, तर ५ नंबरचा ट्राउट रॉड? नंबर जितका मोठा, तितका रॉड दणकट; ट्राउट हा लहान मासा. १५-२० सेंमीचा भिजलेला फ्लाय त्याने फेकला जात नाही. ९ फुटी, ९ नंबरचा घ्या.

‘मासा लागला की रॉड उचला’ हेही चूक. रॉड वाकून सगळा जोर खातो आणि हाडकट तोंडात गळ रुतत नाही. टोक पाण्याकडे ठेवून हाताने लाईन जोरात ओढा.

‘लायसन्स लागत नाही, हवे तेवढे न्या.’ पहिला अर्धा भाग आयर्लंडच्या प्रजासत्ताकात पाईकपुरता खरा आहे. पण तिथे दिवसाला एकच पाईक ठेवता येतो, आणि ५० सेंमीहून मोठा मारायला बंदी आहे. उत्तर आयर्लंडात गेलात तर रॉड लायसन्सही काढावं लागतं.