सोन्या वळू राहणार का? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

मागच्या लेखात मी आमच्या सोन्याबद्दल लिहिलं होतं. चांदी गाईचा आठ महिन्यांचा खिल्लार खोंड. बाबा म्हणतात वळू ठेवू, काका म्हणतात खच्ची करून बैल करू, आणि मी "अजून बघू" म्हणून लेख संपवला होता. त्यावर तुम्ही लिहिलंत: "ताई, हे सगळं भावनेच्या भरात लिहिलंय. अमेरिकेत अँगसच्या वासराचं दोन-तीन महिन्यांत ठरवून मोकळे होतात. उशीर कराल तितका त्रास त्या मुक्या जनावराला. रेतनाची कांडी (गोठवलेल्या वीर्याची नळी) दारात मिळत असताना गावाला वळू हवा कशाला? आणि शिंगं, रंग याशिवाय तुम्ही त्यात पाहिलंत काय?"

शेवटचा प्रश्न मला लागला. त्याच्याकडं येतेच, पण आधी अँगसचं बोलू.

अँगस ही स्कॉटलंडच्या ईशान्येकडची, ॲबर्डीनशायर आणि अँगस या भागातली जात. काळी, बिनशिंगी, मांसासाठी वाढवलेली. १८७३ साली जॉर्ज ग्रांट नावाच्या माणसानं तिचे चार वळू अमेरिकेत कॅन्सासला नेले आणि तिथल्या लांब शिंगांच्या गाईंवर सोडले. काळी, बिनशिंगी वासरं निपजू लागली. एक गाय वर्षाला एक वासरू देते, वळू मात्र एका हंगामात साऱ्या गावाचं रूप बदलतो.

तुम्ही म्हणता तसं तिकडं बहुतेक नर वासरं लहानपणीच खच्ची होतात हे खरं. जखम लवकर भरते, जनावर शांत राहतं, मांसात चरबी चांगली धरते. पण दादा, तो झाला नाकारायचा निर्णय. जो वळू म्हणून ठेवायचा, त्याचा निर्णय तिथंही लवकर होत नाही. त्याचं जन्माचं वजन टिपतात, कारण मोठ्या वासरानं पहिलारू गाय अडते. दूध तोडताना २०५ दिवसांच्या हिशोबानं वजन बघतात, पुढं ३६५ दिवसांच्या. वर्षाचा झाला की वृषणाचा घेर टेपनं मोजतात; पंधरा महिन्यांच्या आत तो ३० सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर तो वळू बाद. त्यानंतर वीर्याची तपासणी. म्हणजे नापास करायला दोन महिने पुरतात, पास करायला सव्वा वर्ष लागतं. आणि तेही अँगससारख्या लवकर वयात येणाऱ्या जातीत. खिल्लार सावकाश भरणारं जनावर. आठ महिन्यांच्या खोंडाबद्दल "बघू" म्हटलं, तर तो आळस नव्हे.

दुसरा फरक कामाचा. तिकडं बैलाच्या मानेवर जू चढत नाही. आपल्याकडं आजही गाळप हंगामात बैलगाड्या उसाच्या मोळ्या घेऊन कारखान्याच्या रांगेत उभ्या असतात. जू वशिंडाच्या पुढं बसतं. वशिंड, मान, खांदा हे सगळं नराच्या अंगातल्या रसानं भरतं. फार लहानपणी खच्ची केलं तर हाडं लांबत जातात, जनावर उंच दिसतं, पण मान भरत नाही. म्हणून जुनी माणसं दोनदाती होईपर्यंत, म्हणजे दोन-अडीच वर्षं, थांबत आली.

त्रासाचं मात्र तुमचं बरोबर आहे, आणि मी ते लेखात लिहायला हवं होतं. वय वाढेल तशी वेदना वाढते. लहानपणी आमच्याच खळ्यावर खोंड बडवताना मी पाहिलाय. चौघांनी पाय बांधून पाडलेला, खाली लाकूड, वर दगड. तो ओरडला नाही, नुसते डोळे मोठे केले. ते डोळे मी विसरले नाही. सोन्यावर ती वेळ आली तर पशुवैद्यकाच्या हातून, भूल देऊन, चिमट्यानंच होईल. त्यात कातडी फाटत नाही. आतल्या शिरा एकेका बाजूनं दाबल्या जातात आणि वृषण पुढच्या काही आठवड्यांत सुकतात. याबाबतीत बाबा आणि काका दोघांनाही मी सांगून ठेवलंय.

आता कांडीचं. कांडी वाईट असं मी म्हणणार नाही. होल्स्टिन आणि जर्सीच्या कांड्यांवर आपल्या भागातल्या डेअऱ्या उभ्या आहेत. पण आमच्याकडं खिल्लारची कांडी मागितली की आज नाही, उद्या बघतो, असं होतं. सकाळी माजावर दिसलेल्या गाईला संध्याकाळपर्यंत रेतन व्हायला हवं, तिथं "उद्या" उपयोगाचा नाही. खिल्लार गाईचा माज पुष्कळदा मुका असतो, माणसाच्या लक्षात येत नाही, वळूच्या येतो. आणि कांडी तरी येते कुठून? कुणीतरी कुठंतरी वळू राखलेला असतोच. सगळ्यांनीच खोंड बैल केले, तर उद्याच्या कांडीसाठी निवडायला चार-दोनच नर उरतील.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. मी सोन्यात काय पाहिलं? खरं सांगते, शिंगांची ठेवण, पांढरा रंग, चालण्यातला डौल. चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत जसं जनावर बघतात तसं बघितलं. चांदीबद्दल लेखात एकच ओळ होती. वळू बघायचा तर त्याची आई आधी बघावी, कारण त्याच्या मुलींच्या कासेत त्याची आईही उतरते. तुमची प्रतिक्रिया वाचून मी बाबांना घेऊन बसले आणि चांदीचं सगळं वहीत उतरवलं. तीन वेतं. वेतांमधलं अंतर पंधरा महिन्यांच्या आसपास. वासराला पाजून घरी तीन लिटर दूध. चारही सड सारखे, आणि धार काढताना पाय बांधावे लागत नाहीत. एक उणी बाजू: दुसऱ्या वेताला वार अडकली होती. तेही लिहिलं.

मग बापाचा विचार आला आणि मी अडखळले. सोन्याचा बाप म्हणजे आमच्या देवाला सोडलेला वळू. गेल्या वर्षी गेला. त्याआधी सहा-सात वर्षं गावात तोच एक. मी आणि बाबांनी दोन दिवस गोठे पालथे घातले. गावात खिल्लार गाई आणि कालवडी मिळून २३, त्यांतल्या १४ त्याच वळूच्या लेकी. म्हणजे सोन्याच्या सावत्र बहिणी. अशा जोडीच्या वासरात एखादा दोष दोन्हीकडून तोच येऊन मिळण्याची शक्यता साडेबारा टक्के वाढते. वासरं अशक्त, माज उशिरा, गाई उलटायला, म्हणजे गाभ न धरता पुन्हा माजावर यायला लागतात. गावाचा वळू गेला म्हणून गावचाच खोंड त्याच्या जागी उभा करायचा, इतकंच आम्ही बघत होतो. तो कुणाच्या गाईंसाठी उभा राहणार, हे आम्ही कुणीच विचारलं नव्हतं. तुम्हीही नाही.

वळू हा एका घराचा प्रश्न नाही हे आपल्या भागाला जुनं आहे. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबईकडं होता, आणि तिथं १९३३ साली पशुधन सुधारणेचा कायदा झाला होता. तो ज्या भागाला लागू होई, तिथं वळूला परवाना लागे आणि नाकारलेला वळू खच्ची करावा लागे. त्या सक्तीची मला ओढ नाही. पण वळू चार लोकांनी तपासून मग ठेवायचा, ही गोष्ट मला पटते.

म्हणून आमचं आता असं ठरलंय. सोन्या सव्वा वर्षाचा होईपर्यंत काही करायचं नाही. मग घेर मोजायचा, पाय आणि चाल बघायची, सांसर्गिक गर्भपाताची रक्ततपासणी करायची. यांतल्या एका गोष्टीत जरी उणा पडला, तर तो बैल होईल आणि काकांच्या गाडीला जाईल. सगळ्यात उतरला तर वळू राहील, पण आमच्या गावात नाही. बाबांना हे जड गेलं. रात्री जेवताना बोलले नाहीत. सकाळी वैरण टाकताना मात्र म्हणाले, "अथणीकडं कुणी चांगला माणूस बघ."

दादा, तुम्ही अथणीकडचे, आणि रेतनाचं काम केलंय असं लिहिलंत. तुमच्या आसपासच्या गाई या वळूच्या नात्यातल्या नसणार. शाळूची सुगी झाली की एकदा याल का? टेप माझ्याकडं आहे, घेर कसा धरायचा ते तुम्ही दाखवा. चांदीची वही तुमच्यापुढं ठेवते. नापास केलात तरी चालेल, पण त्याला हात लावून करा.