ग्राउंड झिरोची मशीद आणि आमच्याकडचा शादी महल

कर्नाटकातल्या आमच्या बेळगाव सीमाभागात मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. निमित्त आहे तालुक्याच्या गावी मुस्लिम समाजासाठी सुचवलेल्या शादी महलाचं, म्हणजे सरकारी अनुदानातून बांधायच्या लग्नाच्या हॉलचं. मेसेज थोडक्यात असा: "अमेरिकेनं ग्राउंड झिरोवर मशीद होऊ दिली नाही! जिथं तीन हजार निष्पाप मेले तिथंच विजयाची मशीद बांधायचा डाव होता, नाव ठेवलं होतं कॉर्डोबा. सारा देश एक झाला, ज्यूंनीही विरोध केला, कोर्टानं बंदी घातली. आणि आपल्याकडं? शादी महलाच्या नावाखाली आपल्याच टॅक्सचा पैसा. आज हॉल, उद्या मशीद, परवा वक्फ. मराठ्यांनो, जागे व्हा."

शेजारच्या एका काकांनी तो मला दाखवला आणि वर ऐकवलं, "बघुलास न्हवं, अमेरिकेनंबी हाकललं!" म्हणून आधी अमेरिकेचंच घेतो. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात न्यूयॉर्कचे जुळे मनोरे पडले ती जागा म्हणजे ग्राउंड झिरो. तिच्याजवळ मॅनहॅटन भागात २०१० मध्ये मुसलमानांचं एक केंद्र सुचवलं होतं, त्याचा हा वाद.

"कोर्टानं बंदी घातली." साफ खोटं. मे २०१० मध्ये मॅनहॅटनच्या त्या भागातल्या स्थानिक सल्लागार मंडळानं या केंद्राला २९ विरुद्ध १ मतांनी पाठिंबा दिला. १० जण तटस्थ राहिले. मग विरोधकांनी दुसरी वाट धरली. जागेवरची इमारत १८५० च्या दशकातली आहे, तिला वारसा इमारत म्हणून जाहीर करा, म्हणजे पाडता येणार नाही, अशी मागणी आली. ३ ऑगस्ट २०१० रोजी शहराच्या वारसा आयोगानं ती ९ विरुद्ध ० मतांनी फेटाळली. एक माजी अग्निशामक जवान कोर्टात गेला. त्याचा दावा जुलै २०११ मध्ये निकालात निघाला, आणि हरला तो. म्हणजे जिथं जिथं कागद हलला तिथं तिथं निकाल केंद्राच्या बाजूनं लागला.

मग ते उभं का राहिलं नाही? विरोधाचा ताप होताच, पण घोडं अडलं पैशावर. तेरा मजली इमारत, अंदाज दहा कोटी डॉलरचा, आणि वर्गणी काही जमेना. त्यात इमाम फैसल अब्दुल रौफ आणि जागेचा बिल्डर शरीफ अल-गमाल यांचं जमेनासं झालं. शेवटी बिल्डरनं त्याच जागेवर ४३ मजली महागड्या फ्लॅटची स्कीम काढली. बेळगावात राहणाऱ्याला यापुढचं समजावून सांगायला नको.

"ग्राउंड झिरोवर मशीद." जागा होती पार्क प्लेस नावाच्या रस्त्यावर, ४५ ते ५१ क्रमांक, पडलेल्या मनोऱ्यांच्या जागेपासून दोन चौक उत्तरेला. तिथं पूर्वी कोटांचं मोठं दुकान होतं. हल्ल्याच्या दिवशी विमानाच्या चाकांचा सांगाडा या दुकानाचं छत फोडून आत पडला होता, हे मात्र खरं. विरोधक त्यावर बोट ठेवत, आणि ज्यांचं माणूस गेलं त्यांना ते बोचलं तर त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण त्या परिसराला मशीद नवी नव्हती. चार चौकांवर १९७० पासून एक मशीद होती, आणि हे इमाम स्वतः थोडं वर दुसऱ्या मशिदीत १९८३ पासून नमाज पढवत होते. जे मनोरे पडले त्यांतल्या दक्षिण मनोऱ्यात सतराव्या मजल्यावर मुसलमान नोकरदारांची नमाजची खोली होती. ते लोक त्या दिवशी कामावरच आले होते.

आराखड्यात काय होतं बघा: पाचशे खुर्च्यांचं सभागृह, पोहण्याचा तलाव, बास्केटबॉलचं मैदान, स्वयंपाक शिकवायची शाळा, वाचनालय, पाळणाघर, ११ सप्टेंबरच्या मृतांचं स्मारक आणि नमाजची जागा. नमाजची जागा होतीच, आणि ती चांगली मोठी होती. ते लपवून मला माझी बाजू भक्कम करायची नाही. पण नमुना घेतला होता न्यूयॉर्कमधल्याच ज्यू लोकांच्या एका जुन्या केंद्राचा. ते १८७४ पासून चालू आहे आणि तिथं व्याख्यानं, गाणं, व्यायाम यांसाठी सगळ्या धर्मांची माणसं जातात.

"जिथं तीन हजार मेले." त्या तीन हजारांत मुसलमान किती होते हे मेसेज सांगत नाही. कित्येक होते. मोहम्मद सलमान हमदानी हा तेवीस वर्षांचा पोरगा, जन्म पाकिस्तानातला, वाढला न्यूयॉर्कमध्ये, पोलिसांचा कॅडेट. मनोरे पेटलेले दिसले तसा तो मदतीला धावला आणि परत आलाच नाही. नंतरचे काही महिने त्याच्याकडं संशयित म्हणून बघितलं गेलं. मार्च २००२ मध्ये ढिगाऱ्यात त्याचे अवशेष सापडले तेव्हा कुठं कुजबुज थांबली. पुढं शहरातल्या एका रस्त्याला त्याचं नाव दिलं गेलं. महापौर मायकेल ब्लूमबर्ग वारसा आयोगाच्या निकालाच्या दिवशी बोलले ते याच अंगानं: पेटत्या इमारतीत शिरणाऱ्या जवानांनी आतल्या माणसाला तुझा देव कुठला असं विचारलं नव्हतं. ब्लूमबर्ग स्वतः ज्यू आहेत, हे पुढच्या मुद्द्यासाठी लक्षात ठेवा.

"ज्यूंनीही विरोध केला." अर्धं खरं. ज्यूंच्या बाजूनं आणि एकूणच भेदभावाविरुद्ध लढणारी अँटी-डिफेमेशन लीग ही मोठी संस्था २०१० मध्ये या जागेच्या विरोधात गेली. तेव्हा पत्रकार फरीद झकेरियांनी तिनं दिलेला पुरस्कार आणि त्याचे दहा हजार डॉलर परत केले. हे आपल्या औरंगाबादच्या डॉ. रफिक झकेरियांचे चिरंजीव. उरलेलं अर्धं असं की २०२१ मध्ये याच संस्थेच्या प्रमुखांनी, आमचं चुकलं, असं जाहीर लिहून माफी मागितली. दहा-अकरा वर्षं उशिरा, पण मागितली. मेसेज लिहिणारा २०१० वरच थांबलाय.

"सारा देश एक झाला" यात तथ्य आहे, बहुसंख्य अमेरिकन विरोधात होते. जनमत चाचण्या तसंच सांगत होत्या. त्याच ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कमध्ये एका टॅक्सीवाल्याला प्रवाशानं मुसलमान आहेस का असं विचारलं आणि सुरीनं भोसकलं, तेही त्याच वातावरणात.

कॉर्डोबाचं थोडक्यात. स्पेनमधल्या या शहरात आठव्या शतकात चर्चच्या जागी मोठी मशीद उभी राहिली, तेराव्या शतकात तिचं कॅथेड्रल झालं. म्हणजे आरोपाला इतिहासात काहीच आधार नाही असं नाही. केंद्रवाल्यांचं म्हणणं होतं की मुसलमान, ख्रिस्ती आणि ज्यू एकत्र नांदले त्या काळाची आठवण म्हणून हे नाव घेतलं. वाद वाढल्यावर त्यांनी ते सोडून पत्त्यावरून पार्क ५१ केलं. आपल्याच बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती १२०४ सालची आहे, सफा मशीद सोळाव्या शतकातली, आणि मशिदीतले काही खांब जुन्या देवळांचे आहेत हे कुणी लपवत नाही. किल्ल्याचा इतिहास खुशाल वाचा, त्यावर भांडायचं तर भांडाही. शादी महलाच्या जागेला मात्र सर्वे नंबर असतो. तिथं अगोदर काय होतं ते उताऱ्यावर दिसतं.

आता आपल्याकडचं. "आपल्या टॅक्सचा पैसा त्यांनाच." कर्नाटक सरकार भवनं कुणाकुणाला देतं हे डोळे उघडून एस.टी.तून फिरलं तरी दिसतं. आंबेडकर भवन, वाल्मिकी भवन, कनक भवन, कुठल्या ना कुठल्या समाजाचं समुदाय भवन. अल्पसंख्याक खात्याचं अनुदान शादी महलाला मिळतं तसं जैन आणि ख्रिस्ती संस्थांच्या भवनांनाही मिळतं. हे सगळंच बंद करा, सरकारनं जातवार भवनं बांधू नयेत असं कुणी म्हणालं तर तो एक विचार झाला, त्यावर बोलता येईल. सगळ्यांची चालतील पण एकाचं नको, याला विचार म्हणत नाहीत. आणि टॅक्स मुसलमानही भरतो. तेलाच्या डब्यावर जीएसटी लावताना दुकानदार आडनाव विचारत नाही.

समाजाची इमारत म्हटली की आपल्या लोकांनी आधी कोल्हापूरकडं बघावं. शाहू महाराजांनी १९०१ पासून तिथं एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली: मराठ्यांचं, जैनांचं, लिंगायतांचं. १९०६ साली मुसलमानांच्या शिक्षणासाठी संस्था निघाली तिचे अध्यक्ष महाराज स्वतः झाले, आणि मुस्लिम बोर्डिंग उभं राहिलं. त्याला जागा आणि पैसा संस्थानानं दिला. जयंतीला महाराजांचा फोटो स्टेटसला ठेवणाऱ्यांच्याच फोनवरून हा मेसेज मला आलाय, म्हणून सांगितलं.

"आज हॉल, उद्या मशीद." माझा छोटा छापखाना आहे, लग्नपत्रिका हे आमचं निम्मं पोट. मराठ्यांच्या पत्रिकेत 'विवाह स्थळ' या ओळीत मराठा मंदिर येतं, जैनांच्या पत्रिकेत महावीर भवन. मुसलमानांच्या पत्रिकेत बऱ्याचदा काय असतं? 'राहत्या घरासमोर'. हॉल भाड्यानं घ्यायला पैसे आहेत अशाही घरांची हीच ओळ, कारण बऱ्याच हॉलच्या फॉर्मवर पहिलीच अट असते: फक्त शाकाहारी जेवण. मटणाच्या पंगतीसाठी आमच्या मराठ्यांचीही हीच अडचण होते, पण आमच्याकडं निदान गावाकडचा मळा असतो. गल्लीतलं लग्न म्हणजे मग गटारीवर फळ्या, फळ्यांवर ताडपत्री, कोपऱ्यात विटांच्या चुलीवर डेगी, आणि रिक्षा मागं वळवून तीन गल्ल्यांना वळसा. धुराचा त्रास आधी त्याच घरातल्या बायकांना होतो, मग आपल्याला. "रस्त्यावर मांडव घालतात" ही तक्रार ज्या ग्रुपवर वाचली त्याच ग्रुपवर "हॉल बांधू देऊ नका" हेही वाचलं. दोन्ही एकदम कसं चालेल?

हॉलमध्ये कुणी नमाज पढणार नाही असं मी म्हणत नाही. लग्नाला जमलेली माणसं वेळ झाली की एका बाजूला सतरंजी टाकून पढतील. आपण हॉलमध्ये सत्यनारायण घालतो, म्हणून त्याचं देऊळ झालं का? आणि मशीद या शब्दानंच ज्यांना धडकी भरते त्यांनी आपल्या सौंदत्ती तालुक्यातलं हिरेबिदनूर बघून यावं. गावात मुसलमानाचं घर नाही, मशीद आहे, आणि मोहरम हिंदूच पाळतात.

"परवा वक्फ." या एका मुद्द्यात खरी भीती आहे, आणि तिची थट्टा करू नये. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये विजयपूर जिल्ह्यात होनवाडच्या शेतकऱ्यांच्या जमिनीवर वक्फचा दावा असल्याचं पुढं आलं आणि सगळ्या उत्तर कर्नाटकात उतारे काढायला रांगा लागल्या. पुढच्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांनी शेतकऱ्यांना दिलेल्या नोटिसा मागं घ्यायला लावल्या. पण ते प्रकरण होतं जुन्या नोंदींचं, ताबा एकाचा आणि नाव दुसऱ्याचं असल्याचं. इथं नवी मंजुरी आहे. म्हणून मंजुरीपत्र मागा. जागा कुणाच्या नावावर राहणार, कुठल्या अटीवर, अट मोडली तर सरकार परत घेणार का, हे त्यात लिहून घ्या. पुढं कुणाचा दावा येऊ नये यासाठी हा कागद हवा. मेसेज पुढं पाठवून दावे थांबत नाहीत.

राहिलं शेवटचं, "मराठ्यांनो, जागे व्हा." नोव्हेंबर २०२० आठवतोय का? तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुरप्पांनी कर्नाटकातल्या मराठा समाजासाठी महामंडळ आणि ५० कोटी जाहीर केले. कन्नड संघटना रस्त्यावर आल्या, ५ डिसेंबरला बंद पुकारला. त्यांचं म्हणणं काय होतं? आमच्या टॅक्सचा पैसा यांना का, आज पैसे घेतील, उद्या बेळगाव मागतील. तेव्हा आपण म्हणालो की आम्हीही इथलेच, आम्हीही टॅक्स भरतो, एका समाजाला मदत केली म्हणून राज्य बुडत नाही. बरोबर म्हणालो. सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून भरणाऱ्या आपल्या महामेळाव्याला परवानगी नाकारतात तेव्हा कारण काय देतात? शांततेला बाधा येईल, भावना भडकतील. येळ्ळूर गावातल्या 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेल्या फलकावरून २०१४ मध्ये लाठ्या पडल्या, तोही फलक कुणाला तरी खुपला म्हणूनच. जास्त लोकांना आवडत नाही एवढ्यावर इमारत अडवायचा हक्क आपण मान्य केला, तर सीमाभागात तो हक्क कुणाच्या हातात आहे? आपल्या तर नाही.

आपल्या संस्थांच्या मराठी शाळा घटनेच्या ज्या कलम ३० वर उभ्या आहेत त्यात धर्मानं अल्पसंख्य आणि भाषेनं अल्पसंख्य एकाच ओळीत आहेत. ते कलम शाळांपुरतं आहे, हॉलला लागत नाही, हे मला ठाऊक आहे. पण अल्पसंख्याकांच्या आयोगाकडं आणि डी.सी. (जिल्हाधिकारी) ऑफिसात निवेदनं देताना आपण ज्या तोंडानं अल्पसंख्य म्हणून न्याय मागतो, त्याच तोंडानं शेजाऱ्याला बहुसंख्य म्हणून दम द्यायचा, हे मला तरी जमणार नाही.

हरकत घ्यायला जागा नाही असं नाही. पन्नास-साठ मोटारी कुठं लावणार? सांडपाणी कुठल्या नाल्याला सोडणार? आगीचा बंब आत वळेल एवढा रस्ता आहे का? रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद ठेवायची जबाबदारी कुणाची? भाडं किती, आणि हॉल दुसऱ्या समाजालाही मिळणार का? हे पुरसभेत (नगरपालिकेत) लेखी विचारता येतं आणि उत्तर मागता येतं. माझी हरकत पार्किंगवर आहे, अर्ज टाईप करून ठेवलाय. काकांनाही सही करा म्हणालोय. ते अजून मेसेजच वाचतायत.